किती तपासले म्हणजे पुरे?

दोन संख्या घ्यायच्या आणि त्यांची बेरीज सांगायची, एवढेच काम करणारा प्रोग्राम असू द्या. प्रत्येक संख्या ३२ बिटांची. सगळ्या जोड्या एकेक करून चालवायच्या आणि उत्तरे ताडून बघायची ठरवली, तर जोड्या भरतात साधारण १८वर अठरा शून्ये इतक्या. सेकंदाला शंभर कोटी जोड्या तपासणारे यंत्र जुंपले तरी काम उरकायला सुमारे ५८५ वर्षे लागतील. अहमदनगरची निजामशाही स्थापन झाली त्या वर्षी, १४९०मध्ये, ते यंत्र सुरू केले असते तर आजही ते चालूच असते. आणि हा प्रोग्राम नुसती बेरीज करतो. बँकेचे ॲप, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातले यंत्र यांच्यापुढे तो कुठेच नाही.

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या पायाभूत परीक्षेत जे काही शिकवले जाते, त्यातले बहुतेक सगळे या अडचणीतून निघाले आहे. सगळे तपासता येत नाही, म्हणून निवडावे लागते. निवडायचे म्हटले की उरलेले सोडून द्यावे लागते, आणि काय सोडले याचा जाब कधीतरी द्यावा लागतो. हा अभ्यासक्रम निवड करायला कितपत शिकवतो आणि कुठे थांबतो, हे पाहणे हा या आढाव्याचा हेतू आहे.

परीक्षेचा नकाशा

या क्षेत्रातली सर्वांत परिचित परीक्षा घेते इंटरनॅशनल सॉफ्टवेअर टेस्टिंग क्वालिफिकेशन्स बोर्ड, म्हणजे आयएसटीक्यूबी. हे मंडळ २००२मध्ये एडिनबर्गला स्थापन झाले. त्याआधी १९९८पासून ब्रिटनमध्ये अशीच पायाभूत परीक्षा होत होती. भारतात इंडियन टेस्टिंग बोर्ड ही या मंडळाची सदस्य संस्था आहे. जिल्ह्याच्या गावातून पदवी घेऊन पुण्यात आलेल्या आणि प्रोग्रामिंगपेक्षा टेस्टिंगमधून आयटीत शिरू पाहणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींना हे नाव क्लासच्या पहिल्या आठवड्यातच कानी पडते.

२०२३मध्ये अभ्यासक्रमाची ४.० ही आवृत्ती आली. परीक्षेत ४० प्रश्न, वेळ ६० मिनिटे, उत्तीर्ण व्हायला २६ बरोबर उत्तरे, आणि चुकल्याबद्दल गुण कापले जात नाहीत. परीक्षेची भाषा मातृभाषा नसेल तर चौथा हिस्सा जास्त वेळ मिळतो. म्हणजे इंग्रजीतून बसणाऱ्या मराठी उमेदवाराला ७५ मिनिटे मिळू शकतात. ही सवलत नोंदणीच्या वेळीच मागून घ्यावी.

प्रकरणे सहा आहेत: टेस्टिंगची मूलतत्त्वे, सॉफ्टवेअर तयार होण्याच्या टप्प्यांतले टेस्टिंग, प्रोग्राम न चालवता केलेली तपासणी, टेस्ट केस रचण्याची तंत्रे, टेस्टिंगचे व्यवस्थापन आणि साधने. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, ११, ९ आणि २ प्रश्न आहेत. शिकवण्यासाठी सुचवलेल्या १,१३५ मिनिटांपैकी ३९० तंत्रांना, ३३५ व्यवस्थापनाला आणि साधनांना अवघी २० मिनिटे दिली आहेत. नोकरीच्या जाहिरातींत मात्र पहिली अट सेलेनियमसारख्या साधनाची असते. हा विरोधाभास दिसतो तितका खरा नाही. साधन टेस्ट केस वेगाने चालवते. कोणती टेस्ट केस चालवायची, हे साधन सांगत नाही.

४० प्रश्नांपैकी ८ नुसत्या स्मरणाचे, २४ समजुतीचे आणि ८ प्रत्यक्ष तंत्र वापरून सोडवायचे असतात. पाठांतरावर परीक्षा निघते ही समजूत त्यामुळे अर्धवटच खरी आहे.

चूक, दोष आणि बिघाड

पहिल्या प्रकरणात तीन गोष्टी वेगळ्या करायला शिकवतात. माणूस चूक करतो. त्या चुकीतून कोडमध्ये किंवा कागदपत्रांत दोष, म्हणजे डिफेक्ट, शिरतो. तो दोष असलेला भाग विशिष्ट परिस्थितीत चालला की बिघाड दिसतो. क्लासमध्ये ही व्याख्या दोन मिनिटांत उरकते. तिचे गांभीर्य एरियन ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात कळते.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कूरू येथून हे रॉकेट निघाले आणि चाळिसेक सेकंदांत आकाशातच नष्ट झाले. दिशादर्शक यंत्रणेचे सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४मधून जसेच्या तसे घेतले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या जागेत बसवली जात होती आणि त्या जागेत ३२,७६७पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियन ५चा मार्ग वेगळा, आडवा वेग जास्त. संख्या मावली नाही. मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणांत तेच सॉफ्टवेअर असल्याने दोन्ही बंद पडल्या. त्यावर कडी म्हणजे ज्या गणितात हे घडले, त्याचा उड्डाणानंतर काही उपयोगच नव्हता.

दोष एरियन ४च्या उड्डाणांतही कोडमध्ये होताच, पण बिघाड कधी दिसला नाही. म्हणजे ‘इतकी वर्षे चालतंय’ हा दोष नसल्याचा पुरावा होत नाही. आणखी खोल गेले तर मूळ कारण कोडच्याही मागे सापडते: या यंत्रणेच्या अपेक्षांमध्ये एरियन ५चा उड्डाणमार्ग धरलेलाच नव्हता आणि त्या मार्गाची माहिती देऊन ती यंत्रणा चालवून पाहिलेली नव्हती. चौकशी समितीने नेमके यावर बोट ठेवले. चूक, दोष, बिघाड आणि मूळ कारण ही साखळी ज्याला उलट्या दिशेने वाचता येते, त्याचा डिफेक्ट रिपोर्ट डेव्हलपरच्या उपयोगी पडतो.

सात तत्त्वे, थोडी तपासून

अभ्यासक्रमातली सात तत्त्वे सगळेच पाठ करतात. पण ती सारख्या वजनाची नाहीत.

पहिले तत्त्व सांगते की टेस्टिंगने दोष आहेत हे दाखवता येते, नाहीत हे सिद्ध करता येत नाही. १९६९च्या रोम इथल्या नाटो परिषदेत एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी हा मुद्दा ठासून मांडला होता. दुसरे तत्त्व, सर्व काही तपासणे अशक्य, हे सुरुवातीच्या बेरजेत आलेच. ही दोन तत्त्वे तर्काने सिद्ध आहेत. त्यांवर वाद घालायला जागा नाही.

लवकर तपासा म्हणजे वेळ आणि पैसा वाचतो, हे तिसरे. त्याच्या जोडीला उशिरा सापडलेला दोष दुरुस्त करायला शंभरपट खर्च येतो, असा आकडा सर्रास सांगितला जातो. तो बॅरी बोहम यांच्या अभ्यासाशी जोडलेला आहे. पण बोहम आणि व्हिक्टर बॅसिली यांनीच २००१मध्ये लिहिले की लहान आणि फार जोखमीच्या नसलेल्या प्रणालींत हे प्रमाण पाचास एक इतके खाली येते. तत्त्व टिकते, आकडा मात्र सगळीकडे तोच लावायचा नसतो.

दोष विखुरलेले नसतात, थोड्या भागांत दाटलेले असतात, हे चौथे तत्त्व अनुभवाचे आहे. पाचवे तत्त्व बोरिस बायझर यांनी १९९०मध्ये कीटकनाशकाच्या रूपकातून मांडले: त्याच त्या टेस्ट केस पुन्हा पुन्हा चालवल्या की नवे दोष सापडेनासे होतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे उलगडून सांगावे लागणार नाही. २०१७मध्ये बीटी कापसावर गुलाबी बोंडअळी कशी माजली ते त्याने पाहिले आहे. दोन वर्षे हिरवी, म्हणजे सतत उत्तीर्ण, राहिलेली टेस्टची यादी पाहून निर्धास्त व्हायचे की अस्वस्थ, हे या तत्त्वावरून ठरवावे. जुन्या टेस्ट केस टाकूनही द्यायच्या नसतात, कारण आधी चालणारे काही बिघडले का, हे त्याच सांगतात.

सहावे तत्त्व, टेस्टिंग संदर्भानुसार बदलते. आणि सातवे, दोष उरले नाहीत म्हणजे सॉफ्टवेअर उपयोगी झाले असे नव्हे. ही दोन्ही वाचायला गुळगुळीत आहेत आणि आचरणात सर्वांत अवघड. मुंबई विद्यापीठाने २०१७च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका पहिल्यांदाच पडद्यावर तपासायचे ठरवले. स्कॅनिंग, प्राध्यापकांचा सराव, उत्तरपत्रिका योग्य विषयाच्या परीक्षकाकडे जाणे या सगळ्याचा गोंधळ उडाला, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. एका लहान शाखेवर आधी प्रयोग करून, खऱ्या प्राध्यापकांना खऱ्या वेळापत्रकात बसवून जे दिसले असते, ते प्रत्यक्ष निकालांच्या काळात दिसले. अशा तपासणीला अभ्यासक्रमात अॅक्सेप्टन्स टेस्टिंग म्हणतात. वापरणाऱ्याच्या जागी, वापरणाऱ्याच्या घाईत ते सॉफ्टवेअर चालते का, हा तिचा प्रश्न असतो.

प्रोग्राम न चालवता

टेस्टिंग म्हणजे प्रोग्राम चालवून पाहणे, ही समजूत अभ्यासक्रम तिसऱ्या प्रकरणात मोडतो. मागण्यांचा मसुदा, आराखडा, कोड हे सगळे नुसते वाचूनही दोष सापडतात. आयबीएममधल्या मायकेल फेगन यांनी १९७६मध्ये याची शिस्तबद्ध पद्धत मांडली. अनौपचारिक वाचनापासून ठरलेल्या भूमिका आणि मोजमापे असलेल्या इन्स्पेक्शनपर्यंत चार पायऱ्या परीक्षेला असतात.

याचा फायदा उदाहरणातच कळतो. एसटीच्या सवलती सगळ्यांना माहीत आहेत: पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वयाला अर्धे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत आणि मार्च २०२३पासून महिलांना अर्धे. ही वाक्ये बोलीत चोख आहेत. तिकीट यंत्राचा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यांत भोके आहेत. ज्या दिवशी आजोबांना ७५ पूर्ण झाली त्या दिवशी ते ‘६५ ते ७५’मध्ये की ‘७५ वर’? बारावा वाढदिवस झालेल्या मुलाचे काय? वय प्रवासाच्या दिवशी मोजायचे की आगाऊ आरक्षणाच्या दिवशी? एक ओळ कोड लिहायच्या आधी हे तीन प्रश्न विचारणारा टेस्टर तीन संभाव्य दोष जन्मालाच येऊ देत नाही.

तंत्रांचे प्रकरण

चौथे प्रकरण हा परीक्षेचा कणा आहे. निवड कशी करायची याची पद्धत इथे शिकवतात.

पहिले तंत्र समान गटांचे. ज्या वयांना प्रोग्रामने सारखी वागणूक द्यायची, त्यांचा एक गट करा आणि प्रत्येक गटातून एक नमुना घ्या. पूर्ण झालेल्या वर्षांत वय मोजायचे आणि वरच्या शंकांची उत्तरे मिळाली असे धरले, तर पुरुष प्रवाशासाठी पाच गट पडतात: ० ते ४, ५ ते ११, १२ ते ६४, ६५ ते ७४ आणि ७५ व पुढे. शंभरेक वयांऐवजी पाच नमुन्यांत काम भागते. त्याखेरीज उणे वय, रिकामी जागा, आकड्याऐवजी अक्षर असे अवैध गट वेगळे तपासायचे. आणि तेही एका वेळी एकच, नाहीतर एक चूक दुसरीला झाकते.

दुसरे तंत्र सीमांचे. ‘पेक्षा मोठे’ आणि ‘पेक्षा मोठे किंवा बरोबर’ यांत डेव्हलपरची गल्लत होते ती नेमकी गटांच्या काठावर. म्हणून ४ आणि ५, ११ आणि १२, ६४ आणि ६५, ७४ आणि ७५ ही आठ वये निवडायची. ही दोन मूल्यांची पद्धत झाली. तीन मूल्यांच्या पद्धतीत प्रत्येक सीमेचे दोन्हीकडचे शेजारी धरायचे, की आठाची सोळा होतात. परीक्षेत हटकून चूक होते ती या दोन पद्धतींच्या सरमिसळीत.

काठ नेहमी वयाचाच असतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. नव्या फाइलला २१ माहिती-रकाने अपेक्षित होते आणि चालणारा कोड २०च पुरवत होता. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असे चिन्ह होते, त्यामुळे तो रकाना कधी वाचलाच गेला नाही आणि फरक झाकला गेला.

मराठी वापरकर्त्यांसाठी सॉफ्टवेअर तपासणाऱ्याने आणखी एक काठ लक्षात ठेवावा. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचताना चार अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये त्याचे दहा घटक होतात आणि यूटीएफ-८मध्ये ते तीस बाइट जागा घेते. नावाच्या रकान्याला वीसची मर्यादा आहे एवढेच कोणी सांगितले, तर पहिला प्रश्न हवा: वीस काय? इंग्रजी नावांवर सगळ्या टेस्ट केस उत्तीर्ण झालेला फॉर्म मराठी नाव मध्येच तोडतो, तो यामुळे.

तिसरे तंत्र निर्णय-तक्त्याचे. एकाहून जास्त अटी एकत्र आल्या की गट आणि सीमा पुरत नाहीत. महिलांची आणि ज्येष्ठांची सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. पणजीची गाडी बांद्याच्या पुढे गेली की हद्द संपते. आता वयाचे पाच गट, स्त्री की पुरुष, हद्दीच्या आत की बाहेर, असे वीस रकाने होतात. तक्ता मांडला की नुसत्या वाचनात न दिसलेले रकाने वर येतात. सात वर्षांच्या मुलीला मुलाचे अर्धे आणि महिलेचे अर्धे मिळून पाव तिकीट लागेल का? ६८ वर्षांच्या आजी दोन सवलतींना पात्र आहेत, तर हिशेब कोणत्या योजनेत नोंदवायचा? पैसे सारखेच लागत असले तरी शासनाकडून होणारी भरपाई कोणत्या खात्यावर टाकायची, हा प्रश्न उरतोच. एकच उत्तर येणारे रकाने एकत्र करून तक्ता लहान करता येतो, पण तो मांडल्यावर.

चौथे तंत्र अवस्थांचे, आणि त्याला यूपीआयइतके चांगले उदाहरण नाही. व्यवहार सुरू होतो, प्रलंबित राहतो, यशस्वी होतो, फसतो किंवा पैसे परत येतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार खात्यातून रक्कम गेली पण समोरच्या व्यक्तीला पोचली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत यायला हवी. दुकानदाराला केलेल्या भरण्यात ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई. प्रत्येक अवस्था एकदा गाठली, हे तपासणीचे सर्वांत कच्चे माप. प्रत्येक वैध संक्रमण एकदा घडवले, हे त्याहून पक्के. न घडायला हवी ती संक्रमणेही घडवून पाहणे सर्वांत कडक: पैसे परत गेलेला व्यवहार उशिरा आलेल्या निरोपाने पुन्हा यशस्वी होतो का, प्रलंबित असताना दुसऱ्यांदा बटण दाबले तर पैसे दोनदा जातात का. पैशांच्या बाबतीत महाग दोष याच कोपऱ्यात लपतात.

ही चारही तंत्रे कोड न बघता चालतात. कोड बघून मोजायची मापे दोन: किती विधाने चालली आणि किती फाटे चालले. ‘ज्येष्ठ असेल तर भाडे अर्धे कर’ एवढाच कोड असेल आणि आपण ७० वर्षांचाच प्रवासी घेतला, तर विधाने शंभर टक्के चालली. ज्येष्ठ नसलेल्याचा फाटा मात्र तपासलाच नाही. फाट्यांचे माप ५० टक्के. सगळे फाटे चालले तर सगळी विधाने चाललीच, उलट मात्र खरे नाही. परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो. त्यापेक्षा महत्त्वाची मर्यादा अशी की ७५ वर्षांचा नियम डेव्हलपर लिहायलाच विसरला असेल, तर ही दोन्ही मापे शंभर टक्के दाखवतील. जो कोड लिहिलाच नाही, तो कोणत्याही टक्केवारीत येत नाही.

उरली अनुभवाची तंत्रे: कुठे चुकेल याचा अंदाज, चेकलिस्ट, आणि शिकत-शिकत शोध घेणारे एक्सप्लोरेटरी टेस्टिंग. गणपतीच्या दिवसांत कोकणात जाणाऱ्या गाडीत उभ्याने प्रवास केलेल्या टेस्टरला घाटात नेटवर्क गेले, तिकीट अर्धवट छापले, कंडक्टरने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, हे प्रसंग आपोआप सुचतात. अभ्यासक्रम या तंत्रांना थोडक्यात उरकतो, कारण बहुपर्यायी प्रश्नांत ती बसत नाहीत.

पातळ्या, बदल आणि पुन्हा तपासणी

अभ्यासक्रम पाच पातळ्या मानतो: एकेक घटक, घटकांची जुळणी, पूर्ण प्रणाली, इतर प्रणालींशी जुळणी आणि स्वीकृती. प्रत्येक पातळीवर वेगळ्या जातीचे दोष सापडतात. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ रोजी हरवले, कारण एका गटाचे सॉफ्टवेअर पाउंडांत आकडे देत होते आणि दुसऱ्याचे ते न्यूटनांत आहेत असे धरत होते. आपापल्या जागी दोघांचे गणित सरळ होते. असा दोष जुळणीच्या पातळीवरच दिसतो. घटक कितीही घासून तपासले तरी नाही.

बदलानंतरच्या दोन तपासण्यांत नवशिके गोंधळतात. दोष दुरुस्त झाला का, हे पाहणे म्हणजे कन्फर्मेशन टेस्टिंग. त्या दुरुस्तीने दुसरे काही बिघडले का, हे पाहणे म्हणजे रिग्रेशन टेस्टिंग. २०१२मध्ये अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढवला, आठवा राहून गेला. त्यावर पडून असलेला वापराबाहेरचा कोड १ ऑगस्ट रोजी नव्या संकेताने जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला ४४ कोटी डॉलरहून जास्त फटका बसला. नवे वैशिष्ट्य तपासले म्हणून बदल सुरक्षित होत नाही. तो कुठे-कुठे पोचला आणि काय जुने शिल्लक राहिले, हेही तपासणीचाच भाग आहे.

चाचण्यांच्या पिरॅमिडची कल्पना पातळ्यांशीच जोडलेली आहे: खाली पुष्कळ लहान आणि जलद चाचण्या, वर थोड्या पण सबंध प्रणाली चालवणाऱ्या. माइक कोन यांनी २००९मध्ये ती रूढ केली. अनेक प्रकल्पांत हा पिरॅमिड उलटा असतो. सगळा भार पडद्यावरून चालणाऱ्या संथ चाचण्यांवर पडतो आणि रिलीजच्या आदल्या रात्री त्या पुऱ्या होत नाहीत.

जोखीम मोजणे

पाचवे प्रकरण कंटाळवाणे समजले जाते, पण निवडीचा खरा हिशेब त्यात आहे. बिघाडाची शक्यता आणि त्याचा परिणाम यांवरून जोखीम ठरते, आणि जोखमीच्या क्रमाने चाचण्या लावायच्या. वेळ संपला तर कमी जोखमीच्या राहतील, जास्त जोखमीच्या झालेल्या असतील.

अंदाजाची तीन बिंदूंची पद्धत परीक्षेत गणिताच्या रूपात येते. सगळे सुरळीत झाले तर ४ दिवस, बहुधा ६, सगळे बिनसले तर १४. सरासरी काढताना मधल्या आकड्याला चौपट वजन: ४, २४ आणि १४ यांची बेरीज ४२, भागिले सहा, म्हणजे ७ दिवस. संभाव्य विचलन १४ वजा ४, भागिले सहा, म्हणजे सुमारे १.७ दिवस. म्हणून ‘सात दिवस’ असे न सांगता ‘साधारण सव्वापाच ते पावणेनऊ’ असे सांगणे प्रामाणिक ठरते. मॅनेजरला ते आवडत नाही, हा वेगळा विषय.

डिफेक्ट रिपोर्ट लिहिणे हे याच प्रकरणातले हातचे कौशल्य आहे. काय केले, काय अपेक्षित होते, काय घडले, कोणत्या बिल्डवर, कोणत्या उपकरणावर, आणि पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या. एवढे असले की ‘माझ्या मशीनवर चालतंय’ हे उत्तर ऐकावे लागत नाही. गांभीर्य आणि प्राधान्य या दोन नोंदी वेगळ्या ठेवायच्या. संकेतस्थळाच्या पहिल्याच पानावर संस्थेच्या नावातली जोडाक्षरे फुटली असतील तर काम अडत नाही, गांभीर्य कमी. पण ते आजच दुरुस्त व्हायला हवे. वर्षातून एकदा लागणारा अहवाल काढताना प्रणाली बंद पडत असेल तर गांभीर्य मोठे, तरी तो पुढच्या महिन्यापर्यंत थांबू शकतो.

प्रमाणपत्राविषयीचा वाद

या परीक्षेला टेस्टिंगच्या जगातूनच विरोध झाला आहे. केम केनर, जेम्स बाख यांसारख्या अनुभवी मंडळींनी संदर्भकेंद्री टेस्टिंगचा विचार मांडला. सर्वत्र लागू पडेल अशी उत्तम पद्धत नसते आणि बहुपर्यायी परीक्षेने कौशल्य मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. २०१३पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आयएसओ २९११९ या टेस्टिंगच्या मानकाविरुद्ध २०१४मध्ये सह्यांची मोहीमही निघाली. कागदपत्रांचे ढीग म्हणजे टेस्टिंग नव्हे, हा तिचा रोख होता.

या टीकेत तथ्य आहे. परीक्षेत प्रश्नाखाली पर्याय छापलेले असतात. कामावर पर्याय कोणी छापून देत नाही. परीक्षा सीमा सांगून मूल्ये विचारते. कामावर सीमा कुठे आहे हेच शोधावे लागते. पण टीकाकार जे कौशल्य मागतात, ते शून्यातून येत नाही. पुण्यातली टीम, बंगळूरचा डेव्हलपर आणि परदेशातला ग्राहक फोनवर बोलत असताना गांभीर्य, प्राधान्य, रिग्रेशन यांचा अर्थ तिघांच्या मनात एकच असणे ही छोटी गोष्ट नाही. पायाभूत परीक्षा तेवढे काम चोख करते. शिवाय पाच-सहा तंत्रे हाताला लावते, जी अनेक अनुभवी टेस्टरही अंदाजपंचे वापरतात. तिच्यावर याहून जास्त ओझे टाकले की घोटाळा होतो, आणि ते टाकतात बहुधा क्लासवाले आणि भरती करणारे.

‘किती तपासले म्हणजे पुरे?’ या प्रश्नाला अभ्यासक्रमात थांबण्याच्या अटींचे उत्तर आहे: अमुक टक्के कोड चालला, गंभीर दोष उरले नाहीत, ठरलेल्या चाचण्या झाल्या. या अटी आवश्यक आहेत, पुरेशा नाहीत. उरलेली जोखीम काय आहे हे स्पष्ट झाले आणि ती ज्याला सोसावी लागणार त्याने ती जाणून पत्करली, तेव्हा पुरे झाले असे म्हणता येते. टेस्टरचे काम ती जोखीम टेबलावर मांडण्याचे आहे. पत्करण्याचा अधिकार त्याचा नाही, आणि तो त्याच्या गळ्यात मारूही नये.

म्हणून परीक्षेला बसणाऱ्याने व्याख्या पाठ झाल्यावर रोजच्या वापरातला एखादा फॉर्म, एखादे तिकीट, एखादा वीजबिलाचा हिशेब घ्यावा आणि त्यावर चारही तंत्रे कागदावर चालवून पाहावीत. प्रमाणपत्र पाहून नोकरी देणाऱ्यानेही मुलाखतीत सात तत्त्वे म्हणून घेण्यात वेळ घालवू नये. उमेदवारासमोर एक खरे परिपत्रक ठेवावे, दोन दिवसांची मुदत सांगावी आणि विचारावे: यातले काय तपासणार नाहीस, आणि का? काय तपासणार हे पुस्तक वाचून कोणालाही सांगता येते. काय सोडणार आणि त्याचा धोका कोणाला कळवणार, हे ज्याला कारणासह सांगता येते, त्याचा पाया पक्का आहे.